डॉक्टर-पेशंट रोलप्लेचं सामान: हँडबॅग, चेक-इन की तिथेच खरेदी?

डॉक्टर-पेशंट हा जोडप्याचा बेडरूममधला खेळ घरात असेल, तर सामानाचा प्रश्न नसतो, कपाट आपलं असतं. मुंबईहून विमानाने गोव्याला किंवा परदेशी जायचं ठरलं, की काय कुठे भरायचं यावर खल सुरू होतो. बॅग भरण्याआधी दोघांनी बसून काय करायचं, काय नाही आणि कुठल्या शब्दावर लगेच थांबायचं हे ठरवा. निम्मं सामान तिथेच गळतं.

हँडबॅगेत स्टेथोस्कोप, अ‍ॅप्रन, डिजिटल थर्मामीटर खुशाल न्या. एक्स-रेमध्ये त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. खरी अडचण कात्रीची आहे. बँडेज किंवा चिकटपट्टीने हात बांधणार असाल, तर बोथट टोकाची बँडेज कात्री हाताशी हवीच. हात बधिर झाला, श्वास कोंडल्यासारखा वाटला, तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. तिचं एक पातं चपटं, गोलसर असतं. ते कातडी आणि पट्टीच्या मध्ये सरकवून कापायचं. पण केबिनमध्ये कात्री अडवली जाण्याची शक्यता दाट. म्हणून बांधाबांधी असेल तर माझा कौल सरळ चेक-इनला. पट्ट्या, बक्कलं, स्टीलची उपकरणंही त्यातच जातील, आणि रांगेत सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागणार नाही.

चेक-इनचंही पथ्य आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या त्यात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्यायच्या. बॅटरीवर चालणारं उपकरण मध्येच सुरू होणार नाही असं बंद करा. पाऱ्याचं बीपी मशीन घरीच राहू द्या, काट्याच्या डायलचं किंवा डिजिटल घ्या. स्टीलचं सामान धुऊन, पूर्ण कोरडं करून पारदर्शक पिशवीत ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला हात न लावता दिसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात हँडबॅगेतली ल्युब्रिकंटची बाटली 100 मिलीपर्यंतचीच.

तिथे जाऊन खरेदी करणं मला हातमोजे, कापूस, बँडेज यांच्यापुरतंच पटतं. हे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. बाकीचं निघण्याआधी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानात हाताळून घेतलेलं बरं. हातमोजे नायट्राइलचेच मागा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी कित्येकांना असते, आणि तेलकट ल्युब्रिकंटने लॅटेक्स कमजोर होतं, मोजा असो वा कंडोम. प्लास्टिकचं डिस्पोजेबल उपकरण एकदाच वापरायचं. उकळून पुन्हा वापरू नका. इंजेक्शन, गुंगीची औषधं कुठल्याच बॅगेत नकोत. रोलप्लेला त्यांची गरज नाही आणि धोका जिवावरचा आहे.

परदेशाचं गणित वेगळं. युएईसारख्या देशात सेक्स टॉय नेणं म्हणजे कस्टम्सशी गाठ. तिथे फक्त स्टेथोस्कोप आणि अ‍ॅप्रनवर भागवा. आपल्याकडे बॉडी मसाजरला सेक्स टॉय ठरवून अडवणाऱ्या कस्टम्सचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळला. तरी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा परदेशातून अशी खरेदी टाळणं सोपं.

गोव्याला स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर वरचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. मी तोच पर्याय आधी सुचवेन. हॉटेलवर वापरलेले मोजे कागदात गुंडाळून, पिशवी बांधून टाका. खोली आवरणाऱ्या माणसाच्या हाती ते उघडे लागता कामा नयेत.