हूवर कॉन्स्टेलेशन: तरंगतो की बसतो, ते आधी बघा

1954 साली आलेला हूवर कंपनीचा हा गोळ्यासारखा व्हॅक्यूम क्लीनर 1975 पर्यंत बनत होता. मोटरमधून निघणारी हवा तळाशी सोडलेली असल्याने 1955 पासूनचे नग स्वतःच्याच उच्छ्वासावर तरंगतात. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नादाला लागणाऱ्याने पहिला नग हाच घ्यावा. रूप आहेच, पण खरा गुण हा की याला दुखणं लपवता येत नाही.

यंत्र 7 किलोचं आणि हवेच्या उशीचा व्यास 30 सेंमी धरला, तर दर चौरस सेंमीवर जेमतेम 10 ग्रॅम भार येतो. तेवढ्याला 10 सेंमी उंच पाण्याइतका दाब पुरतो, फक्त हवा वाहती हवी. गोळा जागेवर बसला तर आधी नळी काढा. तरंगला, तर नळी तुंबलीय. तरीही बसूनच राहिला, तर दोन-चार सेकंद पिशवीशिवाय चालवा. आता तरंगला, तर पिशवी भरलीय. तेही नाही, तर मोटर मंद आहे. उलट, छान तरंगतोय पण कचरा ओढत नाही, अशा वेळी नळीला चीर किंवा दोन अर्धगोलांमधलं गॅस्केट (फट बंद करणारी फोमची पट्टी) गेलेलं. जुन्या फोमचा भुगा होतोच. तिथे बंद छिद्रांच्या निओप्रीन फोमची 5-6 मिमी पट्टी लावा. जाड लावली तर क्लिप लागणार नाही.

आपल्या मोझेक आणि व्हिट्रिफाइड फरशीवर हा लोण्यासारखा सरकतो. शहाबादीवर किंवा जाड गालिच्यावर मात्र उशीतली हवा निसटते, तो यंत्राचा दोष नाही.

आणल्या आणल्या प्लग लावू नका. वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, ती वायर आधी बदला. धातूचा भाग हाताला लागणारा आणि वायर दोनच तारांची असेल, तर तीन तारांची घालून अर्थिंग द्या. मग 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. 2 मेगाओहमच्या खाली आलं तर आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) नीट वाळवून पुन्हा मोजा. पहिली सुरुवात 100 वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, जोडून. बल्ब पूर्ण पेटला आणि मोटर हललीच नाही, तर शॉर्ट किंवा जाम. ब्रिटिश नग आपल्या विजेवर चालतो. अमेरिकन असेल तर 120 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, नेमप्लेटवरच्या वॅटच्या दीडपट. युनिव्हर्सल मोटर (एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारी) असल्याने 50 आणि 60 हर्ट्झचा प्रश्न येत नाही.

कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) 6-7 मिमीवर आले की बदलायचे. नवा ब्रश कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाच्या) गोलाईला बसेपर्यंत 15-20 मिनिटं निम्म्या व्होल्टेजवर फिरवा, नाहीतर ठिणग्या उडून तांबं काळं पडतं. कम्युटेटर काचपेपरने घासा, एमरीने (धातू घासायच्या काळ्या पेपरने) कधीच नाही. तिचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकतात. बेअरिंग कुरकुरत असेल तर पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावूनच काढा. हातोडीने शाफ्ट वाकतो, मग पंखा थरथरत राहतो.

खरी कटकट पिशवीची. मूळ कागदी पिशवी मिळाली तरी ठिसूळ. जुन्या पिशवीचा पुठ्ठ्याचा गळा जपून ठेवा आणि त्यावर आजची सिंथेटिक पिशवी चिकटवा. जोड सर्व बाजूंनी भरा, कारण तिथून सुटलेली बारीक धूळ थेट मोटरमध्ये जाते.

रंग मूळचाच राहू द्या. गाडीचं पॉलिश एक हात पुरे.