फेजोआ लावायचा, की आपला पेरूच बरा?

अंगणात एकाच झाडापुरती जागा उरलीय आणि ऑकलंडहून आलेला भाचा फेजोआचं गुणगान गाऊन गेलाय, अशी तुमची अवस्था असेल तर जरा थांबा. चार वर्षांपूर्वी मी त्याच फेऱ्यात सापडलो होतो.

फेजोआ हा पेरू-जांभळाच्याच कुळातला. मूळचा दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचा, पण त्याला डोक्यावर घेतलं ते न्यूझीलंडने. चव अननस आणि पेरूच्या मधली, मागे किंचित पुदिन्यासारखा गारवा. साल तुरट, म्हणून फळ आडवं कापून चमच्याने गर खायचा. पेरूसारखं तिखट-मीठ लावून करकर चावण्याची मजा त्यात नाही. पिकलं तरी हिरवंच राहतं; आपोआप खाली पडलं की तयार समजायचं आणि दोन-चार दिवसांत संपवायचं. 'क' जीवनसत्त्वासाठी लावत असाल तर सोडून द्या: 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या वर, फेजोआत सुमारे 33.

खरा प्रश्न पुण्याच्या हवेचा. लोकांना वाटतं, परदेशी झाड, थंडीत मरेल. उलट आहे. फेजोआ शून्याखालची थंडी सोसतो, किंबहुना थोडी थंडी त्याला फुलायला हवीच असते. त्याला मानवत नाही तो उन्हाळा. पारा 32 च्या वर गेला की फळधारणा बिघडते आणि आपल्याकडे एप्रिल म्हणजे 38-40. म्हणजे फूल येणार ते नेमकं भट्टीत. शिवाय बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, जोडीला दुसऱ्या जातीचं झाड लागतं. 'युनिक' किंवा 'कूलिज'सारखी एकट्याने फळणारी जात मिळाली तर ठीक. त्यात आपली चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी. पानं पिवळी पडायला वेळ लागत नाही.

पेरूच्या बाजूने सरदार ही जात घ्या. एल-49, म्हणजे लखनऊ-49. नाव लखनऊचं, पण ही निवड झाली 1927 मध्ये आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडीत, फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांच्या हातून. इथल्या मातीत पारखलेलं झाड. गुटी कलम लावलं तर दोन-तीन वर्षांत फळ. मात्र झाड आडवं पसरतं, छाटणीचा आळस चालत नाही. आणि पावसाळ्यातली फळं बेचव निघतात, वर फळमाशीच्या अळ्या. त्यावर जुना उपाय मृग बहराचा: उन्हाळ्यात पाणी तोडायचं, जूनमध्ये फुलू द्यायचं, थंडीत गोड फळं काढायची. घरच्यांना आधी सांगून ठेवा. सुकलेलं झाड पाहून कुणीतरी प्रेमाने बादली ओततंच.

मग फेजोआ कुणी लावावा? ज्याला फुलं हवीत त्याने. जाड पांढऱ्या-गुलाबी पाकळ्या, मध्ये लालभडक केसरांचा झुबका. पाकळ्या चक्क गोड लागतात. केसर न दुखावता तोडल्या तर फळालाही धक्का नाही. बारमाही हिरवं झुडूप, हवं तसं छाटा, कुंपणाला लावा, मोठ्या पिंपातही जगतं. दुपारचं पश्चिमेचं ऊन टाळा. फळ मिळालं तर बोनस समजा. फळांचीच आशा असेल तर माझं मत सरळ पेरूला.

तरीही फेजोआच घ्यायचा ठरलं, तर रोपाचं पान उलटं करून बघा. फेजोआच्या पानाची मागची बाजू चंदेरी, मऊ लव असलेली असते. मी न बघता 'पाइनॅपल ग्वाव्हा' (फेजोआचंच इंग्रजी नाव) म्हणून एक रोप उचललं. दोन्हीकडून गुळगुळीत पानं. यंदा त्याला गोटीएवढी लाल आंबट-गोड फळं लागली. स्ट्रॉबेरी पेरू! भाच्याला अजून फोटो पाठवलेला नाही.