रिडो हॉल, ओटावा: टूर फुकट, पण सातबारा राजाच्या नावावर (५ पैकी साडेचार)

आधीच सांगून टाकते, ओटावात एकच दिवस असेल तर सगळे तुम्हाला पार्लमेंट हिलच सांगतील, मी मात्र १ ससेक्स ड्राइव्ह सांगेन, म्हणजे रिडो हॉल. कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचं, म्हणजे राजाच्या इथल्या प्रतिनिधीचं, घर आणि ऑफिस, गाइडेड टूर चक्क फुकट, फक्त आधी ऑनलाइन जागा धरून ठेवा, आणि आत जाताना बरोबर एखादा रिटायर्ड माणूस असेल तर अर्धं काम झालं, कारण प्रश्न तेच विचारतात आणि आपल्याला फुकटात ऐकायला मिळतं. माझ्याबरोबर आमचे अप्पा होते, सांगलीहून चार महिन्यांसाठी आलेले, आणि नऊ वर्षांचा मुलगा, ज्याला फक्त लाल कोटवाले शिपाई बघायचे होते.

आदल्या दिवशी आम्ही डाउनटाउनमधली एक पैसे भरून करायची ‘शाही’ वॉकिंग टूर केलेली, कंपनीचं नाव घेत नाही, माणशी ३५ डॉलर गेले. दोन तास तिथला गाइड हॅरी-मेगनचं भांडण, कुणाची टोपी कशी होती आणि राणीला कुठली कुत्री आवडायची एवढंच सांगत होता. अप्पांनी मध्येच विचारलं की बाबा रे, राजा लंडनला राहतो तर इथं कायद्यावर सही कोण करतं, तर तो म्हणाला गुड क्वेश्चन आणि पुढच्या कोपऱ्यावर निघाला, तो निघालाच. ते ३५ डॉलर वाचवा, दुसऱ्या दिवशी तेच उत्तर आम्हाला फुकट मिळालं.

आता घराबद्दल. फाटकाबाहेरच्या गोल चौकात घोड्यावर बसलेली राणी एलिझाबेथ आहे, हा पुतळा पूर्वी पार्लमेंटसमोर होता, तिकडं दुरुस्तीचं मोठं काम निघालं म्हणून इकडं आणून बसवला. अप्पा लगेच म्हणाले, काळा घोडा! तसं म्हणजे अगदी तसं नाही, आपण १९६५ ला सातव्या एडवर्डला घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला तो चौकात नको म्हणून, आणि यांनी राणी जपून ठेवली. (चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं आणि जिजामाता उद्यानाला आमची मावशी अजून राणीची बागच म्हणते, ते एक असो.)

घर १८३८ चं. थॉमस मॅके नावाच्या स्कॉटिश गवंड्यानं बांधलेलं, रिडो कालव्याच्या कामात पैसा केला त्यानं. १८६७ ला कॅनडा झाला तेव्हापासून गव्हर्नर जनरलचं अधिकृत घर हेच. साधारण पावणेदोनशे खोल्या आहेत म्हणतात, आपल्याला त्यातल्या मोजक्याच दाखवतात आणि तेवढ्या पुरतात. राष्ट्रपती भवन बघितलेल्या माणसाला हे खरं सांगायचं तर एखाद्या मोठ्या संस्थानिकाचा वाडा वाटेल, डोळे दिपत नाहीत. बॉलरूममध्ये भलंमोठं झुंबर आहे, मंत्र्यांच्या शपथा, ऑर्डर ऑफ कॅनडाचे सन्मान वगैरे तिथंच होतात. मला आवडली ती टेंट रूम, भिंती-छत सगळीकडं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आपल्याकडं लग्नात मांडव घालतात तसा शामियानाच. लॉर्ड डफरिननं १८७० च्या दशकात ही खोली करून घेतली, दिवसा आत टेनिस खेळायचे आणि पार्टी असली की कापड लावून मांडव.

डफरिन नाव ऐकल्यावर अप्पांचे कान टवकारले. हा तोच डफरिन का, १८८५ ला मुंबईत काँग्रेस स्थापन झाली तेव्हाचा व्हाइसरॉय? हो, तोच. आणि मग जी गाडी सुटली ती गाइडलाही थांबवता येईना. गाइड म्हणजे विशीतली एक पोरगी होती, पण तयारीची, तिनं स्वतःच पुढं यादी दिली: डफरिननंतर लॅन्सडाउन, तोही आधी इथं मग भारतात व्हाइसरॉय. मग मिंटो. मिंटोच्या नावाचा ओटावात स्केटिंग क्लब आहे, तो इथं बर्फावर स्केटिंग करायचा, आणि तोच मिंटो पुढं व्हाइसरॉय असताना १९०८ ला टिळकांना मंडालेला धाडलं. टिळकांचं मात्र त्या पोरीला माहीत नव्हतं, ते अप्पांनी सांगितलं, मी भाषांतर केलं, टूरमधल्या बाकी लोकांनी सभ्यपणे मान हलवली.

अप्पा म्हणाले, म्हणजे ही बदलीची नोकरी गं! तहसीलदाराची तासगावहून मिरजेला होते तशी यांची ओटावाहून कलकत्त्याला.

आणि मग आलं विलिंग्डन.

हे सांगलीबाहेरच्यांना कळणार नाही कदाचित. आमच्या घरात अप्पा, काका, दोन आत्या आणि मी, सगळे विलिंग्डन कॉलेजचे. विलिंग्डनला जातो, विलिंग्डनला भेटू, विलिंग्डनचा वडापाव. आयुष्यात कधी डोक्यात आलं नाही की हा एक माणूस होता. तर हा १९१३ ते १८ मुंबईचा गव्हर्नर, कॉलेज १९१९ चं, नंतर मद्रास, मग १९२६ ते ३१ या घरात, या टेंट रूममध्ये, आणि इथून थेट भारताचा व्हाइसरॉय, गांधीजी गोलमेज परिषदेहून परतल्यावर १९३२ च्या सुरुवातीला त्यांना तुरुंगात टाकणारा. मुंबईतून जाताना त्याचं स्मारक करायचं ठरलं तर जिनांनी टाउन हॉलमध्ये जाऊन सभा उधळायला लावली होती, हेही अप्पांना माहीत, पण हा सगळा एकच माणूस हे काही त्यांनी कधी जोडून बघितलं नव्हतं. तोंडावर हात ठेवून उभेच राहिले थोडा वेळ.

आता टूरमधला माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा भाग, म्हणजे अप्पांचा आदल्या दिवशीचा प्रश्न. पोरीनं सरळ उत्तर दिलं: सही गव्हर्नर जनरल करतात, राजाच्या नावानं, पंतप्रधानांच्या सल्ल्यानं. राजा ब्रिटनचा म्हणून नाही तर कॅनडाचा राजा म्हणून, तोच एक माणूस १५ देशांचा वेगवेगळा राजा आहे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, पापुआ न्यू गिनी असे. २०२५ च्या मे मध्ये चार्ल्स स्वतः येऊन सेनेटमध्ये सरकारचं भाषण वाचून गेला, त्याआधी राणीनं ते वाचलेलं १९७७ ला. एरवी सगळं या घरातून चालतं. आणि शोभेचं आहे म्हणून सोडून देऊ नका, १९२६ ला बिंग नावाच्या गव्हर्नर जनरलनं पंतप्रधान मॅकेन्झी किंगला पार्लमेंट विसर्जित करायला चक्क नकार दिला होता, आणि ऑस्ट्रेलियात १९७५ ला तर गव्हर्नर जनरलनं निवडून आलेला पंतप्रधान व्हिटलम घरी बसवला.

मग राजाला काढून का टाकत नाही, हे विचारलं मी. मला विचारायचंच होतं, कारण नागरिकत्वाची शपथ मी घेतली ती २०२१ ला, झूमवर, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, वर ब्लाउज-साडी खाली पायजमा, आणि कॅमेऱ्यासमोर कात्रीनं पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचं कार्ड, कापायला लावलं. शपथ राणीची, तिच्या वारसांची आणि उत्तराधिकाऱ्यांची. त्यामुळं राणी गेली तरी परत घ्यावी लागली नाही, चार्ल्स आपोआप लागू. तेव्हा सांगलीला फोन केला तर अप्पा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, पन्नासला घालवला तो, आणि तू परत जाऊन पाया पडलीस का. चेष्टेतच म्हणाले, पण लागलं ते.

तर काढायचं म्हणजे १९८२ च्या घटनेप्रमाणं संसदेची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांतांच्या विधानसभा सगळ्यांचा होकार पाहिजे. एकानं नाही म्हटलं की संपलं. शिवाय मूळनिवासींचे करार. ते सरकारशी नाही, क्राउनशी म्हणजे राजपदाशी झालेत, राजानं शब्द दिलाय असं ते लोक धरून आहेत, मग राजाच काढला तर शब्दाचं काय? म्हणून २०२१ ला मेरी सायमन, इनुइट समाजातल्या, या पदावरच्या पहिल्या मूळनिवासी, या घरात राहायला आल्या तेव्हा त्याला वेगळाच अर्थ होता. हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की हे नुसतं टोपी-घोड्याचं प्रकरण नाही.

आणि कॅनडातली ८९ टक्के जमीन क्राउन लँड आहे म्हणे. निम्म्याहून थोडी कमी केंद्राच्या, थोडी जास्त प्रांतांच्या ताब्यात, पण नाव क्राउनचं. अप्पा रिटायर्ड सर्कल ऑफिसर, तीस वर्षं तलाठ्यांचे फेरफार तपासले त्यांनी, त्यांना हे बाकी कशाहीपेक्षा लवकर कळलं. म्हणाले, म्हणजे कसणारे तुम्ही, पीक तुमचं, पाटबंधाऱ्याचं भांडण तुमचं, पण सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव आणि ते कमी करायला दहा चुलत्यांच्या सह्या. कोण जातंय त्या भानगडीत! मी गाइडला हे कसंबसं इंग्लिशमध्ये सांगितलं, ती खूप हसली.

बार्बाडोसनं राजपद काढलं की पण, २०२१ च्या नोव्हेंबरात, त्यांच्या संसदेनंच ठरवून, आणि आधीची गव्हर्नर जनरल सँड्रा मेसनच पहिली राष्ट्राध्यक्ष. ऑस्ट्रेलियानं १९९९ ला सार्वमत घेतलं आणि सुमारे ५५ टक्के लोक प्रजासत्ताक नको म्हणाले. अप्पांचं यावर एकच, आम्ही नाव काढलं पण भावकी सोडली नाही. खरंय, १९४९ ला लंडनला नेहरूंनी तोच तोडगा मान्य केला, भारताचा राजा नाही पण कॉमनवेल्थचा प्रमुख म्हणून चालेल, लग्नाकार्याला येणार, वाटणीचं बोलायचं नाही.

बाहेरची बाग सोडू नका. पाहुण्यांनी लावलेली झाडं आहेत, प्रत्येकापाशी नाव, चार्ल्सचं २०२५ चंही. केनेडीनं १९६१ ला इथं झाड लावताना पाठ दुखवून घेतली ती बराच काळ पुरली. लाल कोट आणि केसाळ टोपीवाले पहारेकरी फक्त उन्हाळ्यात असतात, मुलं बरोबर असतील तर तारीख बघूनच जा. हिवाळ्यात स्केटिंगचं मैदान उघडं असतं, ते आम्ही बघितलं नाही. अर्धा मार्क मी कापला तो खाण्याचं काही हाताशी सापडलं नाही म्हणून, हा दोष कुणाचा नाही, आम्हीच डबा गाडीत विसरलो आणि गाडी लावली लांब. ज्येष्ठ नागरिकांना चालणं बऱ्यापैकी आहे.

आणि आवारात क्रिकेटचं मैदान आहे! खरोखरचं, दीडशे वर्षांपूर्वीपासूनचं, पांढऱ्या कपड्यातली मॅच चालू होती आणि खेळणाऱ्यांत निम्मे तरी आपल्याकडचे चेहरे. अप्पा तिथं झाडाखाली तासभर बसले, एका पोराला एलबीडब्ल्यू देताना अंपायर चुकला असं त्यांचं ठाम मत आहे. तिथूनच त्यांनी घराचा फोटो कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं ‘आपले विलिंग्डनसाहेब इथंही राहून गेले’. तिकडं सांगलीत रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, तरी पाच मिनिटांत त्यांच्या एका मित्राचं उत्तर आलं: माझी सत्तर सालची फी राहिलीय म्हणावं, बघ माफ होते का.