खोल बुडाची बाटली माझ्या गळ्यात कशी मारली

वाईनच्या बाटलीच्या बुडाला आत वळलेला खळगा असतो. तो जितका खोल तितकी वाईन उंची, असं विक्रेता सांगू लागला तर तिथून सरळ निघा. मला हेच सांगून एक बाटली गळ्यात मारली गेली. "अंगठा पूर्ण आत जातो बघा," असं म्हणत त्याने ती उलटी करून दाखवली. तोंडावर लाखेचं सील, लेबलवर उठावदार राजचिन्ह, सोनेरी अक्षरांत 'रिझर्व्ह', शेजारी पदकाचं स्टिकर. किंमतही त्या थाटाला शोभेल अशीच.

ज्यांना भेट दिली त्यांनी ती लगेच उघडली. पातळ, आंबट, नुसती बेचव.

मग मी एकेक गोष्ट तपासली. खळगा ही काच फुंकून बाटल्या करायच्या काळापासून चालत आलेली रचना आहे. फसफसणाऱ्या वाईनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, तिथे जाड काच आणि खोल बूड खरंच लागतं. साध्या रेड वाईनला त्याचा काय उपयोग? गडद काचेचं मात्र काम आहे, उजेडाने वाईन बिघडते. माझी बाटली उचलायलाच जड होती, पण आत वाईन नेहमीचीच, ७५० मिली. जास्तीचे पैसे काचेचे.

'रिझर्व्ह'ची गंमत तर वेगळीच. स्पेनमध्ये रेड वाईनवर 'रेसेर्वा' लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरलेली असावी लागते आणि त्यातलं एक वर्ष लाकडी पिंपात. अमेरिकेसारख्या देशात नुसत्या 'रिझर्व्ह'ला अशी कायदेशीर अट नाही. माझी बाटली स्पेनची नव्हती. पदकावर ना स्पर्धेचं नाव, ना साल. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत फक्त बाटलीत भरणाऱ्याचं नाव; द्राक्षं कुठली, कोणत्या वर्षीची, काही नाही. मी तर म्हणेन, बाटली आधी पाठीकडून वाचा.

जाणकारही यातून सुटत नाहीत. फ्रेंच संशोधक फ्रेदेरिक ब्रोशे यांनी फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये एकच वाईन दोन लेबलांखाली चाखायला दिली होती, एक भारी आणि एक साधं. भारी लेबलवाली लोकांना भरदार लागली, साधी कमजोर.

रुडी कुर्नियावानने दुर्मिळ वाईनची बनावट लेबलं लावून श्रीमंत संग्राहकांना फसवलं, त्याला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. माझ्या विक्रेत्याला असली काही भीती नाही. परत गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, "लेबलवर खोटं काय लिहिलंय ते दाखवा." आणि खळग्याबद्दल जे बोलला होता ते? "मी असं बोललोच नाही."

पदकाच्या स्टिकरचा आणि मागच्या लेबलचा फोटो जोडून लेखी तक्रार दिली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.