तीन सील किट बदलूनही गळणारा जॅक आणि शिरोलीतले एक वर्कशॉप

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या बॅकहो लोडरच्या बूमचा (खोदणाऱ्या मोठ्या हाताचा) जॅक ग्लँडमधून गळू लागला, तेव्हा एका सील किटवर काम भागेल असे मी धरून चाललो होतो. (पुस्तकात ज्याला हायड्रॉलिक सिलिंडर म्हणतात त्याला आपल्याकडे यंत्रावर काम करणारे सगळे जॅकच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. त्याच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, तेलाच्या दाबाने पिस्टन सरकतो आणि त्याला जोडलेला रॉड आत-बाहेर होतो; रॉड ज्या तोंडातून बाहेर येतो तो ग्लँड, आणि तेल अडवणाऱ्या कड्या म्हणजे सील.) प्रत्यक्षात पुढच्या चार महिन्यांत तीन किट बदलून झाले आणि प्रत्येक वेळी तीन आठवड्यांच्या आत ग्लँडभोवती पुन्हा तेलाचा काळा, मातीने माखलेला थर दिसू लागला. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला, शेतरस्त्यांची कामे अंगावर आलेली आणि तासाला हजार-बाराशे रुपये मिळवणारे यंत्र बांधावर उभे, अशा अवस्थेत शेवटी मी तो जॅक उतरवून शिरोली औद्योगिक वसाहतीतील ज्या वर्कशॉपमध्ये नेला, त्याच्या कामाबद्दल हे सविस्तर लिहीत आहे.

आधीची तिन्ही कामे ज्या मिस्त्रींनी केली त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण शेताच्या कडेला, भर वाऱ्यात जॅक उघडायचा, जुने सील स्क्रूड्रायव्हरने उचकटायचे, नवे दाबून बसवायचे आणि रॉडवर फडके फिरवून ग्लँड आवळायचा, एवढ्यावर ते काम संपत असे. सील का फाटला हा प्रश्न त्या तीन खेपांत एकदाही कोणी विचारला नाही, आणि मीही विचारला नाही याची मला आज खंत वाटते.

शिरोलीच्या या वर्कशॉपमध्ये सुरुवातच निराळी झाली. दुकान मोठे नाही. दोन लेथ, एक होनिंग मशीन (बॅरल आतून घासून गुळगुळीत करणारे), एक प्रेस आणि मागच्या बाजूला जाळीच्या आड टेस्ट बेंच, एवढाच पसारा. मी सील किट सोबत घेऊनच गेलो होतो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी ते किट न उघडताच बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मालक, सील कधी बी घालता येतंय. आधी रॉड बघू, मग बॅरल बघू, मग तुमचं किट बघू." पुढचा दीड तास त्यांनी फक्त मोजमाप केले, आणि या परीक्षणात मला सर्वांत जास्त जे सांगायचे आहे ते या दीड तासाबद्दलच आहे.

जॅक बाहेरून धुऊन, दोन्ही पोर्टना (तेल आत-बाहेर जाण्याच्या भोकांना) बुच लावूनच टेबलावर घेतला गेला, म्हणजे उघडताना बाहेरची माती आत जाण्याचा प्रश्न राहिला नाही. रॉड बाहेर काढल्यावर मिस्त्रींनी प्रथम अंगठ्याचे नख त्यावरून लांबीच्या दिशेने आणि मग आडवे फिरवले. नख एका जागी अडले. माझ्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते; त्यांनी बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत क्रोम उडालेले दिसले. रॉडवरचा हार्ड क्रोमचा थर साधारण २० ते ३० मायक्रॉनच असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तो उडाला की खालचे पोलाद उघडे पडते, तिथे गंज धरतो, आणि मग रॉड प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना ती जागा कानशीसारखी सीलच्या ओठावरून फिरते. त्यानंतर रॉड दोन व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून, मध्यावर डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) टेकवून, हाताने सावकाश फिरवला गेला. काटा एका बाजूला झुकला, परत आला, पुन्हा झुकला. रॉडला बाक होता. डोळ्यांना सरळसोट दिसणारा तो रॉड चार महिने ग्लँडच्या बुशला (रॉडला आधार देणाऱ्या कड्याला) एकाच बाजूने घासत होता आणि ते बुश अंडाकृती झाले होते, हे कॅलिपर लावल्यावर लगेच सिद्ध झाले.

बॅरलची तपासणीही तितक्याच निगुतीने झाली. बोअर गेज (आतला व्यास मोजणारे मापक) तळाशी, मध्यावर आणि तोंडाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी असा फिरवून सहा आकडे खडूने पाटीवर लिहिले गेले. यंत्राचे बहुतेक काम जॅकच्या मधल्या टप्प्यातच होत असल्यामुळे झीजही तिथेच जास्त असते, आणि आमच्या बॅरलमध्ये ती तशीच निघाली; शिवाय खालच्या अंगाला दोन लांब ओरखडे होते.

यानंतर मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न मला आजन्म लक्षात राहील: "जॅकच्या पिना आणि बुश कधी बदलल्यात?" मी त्या बदललेल्याच नव्हत्या. जॅक हा फक्त सरळ ढकलण्यासाठी आणि ओढण्यासाठी बनवलेला असतो; त्याच्या दोन्ही टोकांच्या पिनांमध्ये ढिलेपणा आला की त्याच्यावर आडवा भार पडू लागतो. हा भार किती मोठा असू शकतो हे समजण्यासाठी त्यांनी पाटीवरच हिशेब मांडला. ११० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर भरते, आणि २०० बार दाबाला तो पिस्टन १९ टनांच्या आसपास जोर लावतो. एवढ्या जोराचा लहानसा अंशदेखील रॉडला बाजूला रेटत राहिला, तर आधी ग्लँडचे बुश झिजते, मग रॉड वाकतो, मग सील फाटते. आम्ही मात्र साखळीतल्या शेवटच्या कडीवर तीनदा पैसे खर्च केले होते.

दुरुस्तीचे दोन पर्याय त्यांनी समोर ठेवले आणि दोन्हींचे दोष स्वतःहून सांगितले. जुना रॉड प्रेसमध्ये सरळ करून त्याला नवे क्रोम चढवता आले असते. परंतु इंडक्शन हार्डनिंग केलेल्या (विजेने तापवून पृष्ठभाग कडक केलेल्या) रॉडला प्रेसमध्ये बारीक तडे जाण्याचा धोका असतो आणि असा रॉड पुढे भाराखाली तुटू शकतो. म्हणून त्यांनी तयार क्रोम केलेल्या कडक दांड्याचा नवा रॉड करून जुना डोळा (पिन बसते ते टोक) त्याला वेल्ड करण्याचा सल्ला दिला, आणि मी तो मानला. बॅरल मात्र होनिंगने वाचले. होनिंग करतानाही ओरखड्याची शेवटची खूण जाईपर्यंत खरवडत बसायचे नाही हा त्यांचा आग्रह मला महत्त्वाचा वाटला, कारण बोअर (बॅरलचा आतला व्यास) जितका मोठा होतो तितकी पिस्टन आणि बॅरल यांच्यामधली फट वाढते आणि दाबाखाली सील त्या फटीत ढकलला जाऊन कुरतडला जातो. ग्लँडचे बुश नवे, पिस्टनच्या वेअर रिंग (झीज सोसणाऱ्या कड्या) नव्या, आणि दोन्ही टोकांच्या पिना-बुशही नव्या बसल्या.

सील बसवण्याचे काम मी मुद्दाम समोर उभा राहून पाहिले. ग्लँडमधील रॉड सील कोमट तेलात थोडा वेळ ठेवून, बोटांनी काजूच्या आकारात दुमडून, खाचेत सोडला गेला आणि आतल्या आत हलकेच उलगडला. एकही अणकुचीदार हत्यार त्याच्याजवळ आले नाही. रॉडच्या आट्यांवरून ग्लँड सरकवताना आट्यांच्या धारेने ओठ कापला जाऊ नये म्हणून आट्यांवर पितळी पत्र्याची गुळगुळीत टोपी चढवली होती. माझे आणलेले किटही त्यांनी इथे तपासले आणि त्यातला वायपर (रॉडवरची धूळ पुसणारी बाहेरची कडी) अर्धा मिलिमीटर सैल भरला म्हणून तेवढा एक बदलून घेतला.

टेस्ट बेंचवर जॅक आधी दाबाविना दहा-बारा वेळा आत-बाहेर चालवून हवा काढली गेली, आणि मग कामाच्या दाबाच्या दीडपट म्हणजे ३०० बार दाब देऊन पाच मिनिटे धरला गेला. रॉडकडच्या बाजूचा पोर्ट उघडा ठेवून त्याखाली पांढरा कागद पसरला होता. पाच मिनिटांनंतरही कागद कोरडाच राहिला.

त्यांच्या प्रामाणिकपणाचा दुसरा दाखला महिन्याभराने मिळाला. त्याच यंत्राचा लोडरचा हात उचलून ठेवला की हळूहळू खाली येऊ लागला, आणि पिस्टनचे सील गेले असा निष्कर्ष मी घरीच काढून टाकला. तिथल्या तरुण फिटरने जागेवर येऊन हात जमिनीला टेकवला, रॉडकडचे होज (तेलाची नळी) सोडून त्याला बुच मारले, जॅक टोकापर्यंत नेऊन त्याच्यावर दाब दिला आणि उघड्या पोर्टकडे पाहत राहिला. तेल आले नाही. दुसऱ्या जॅकलाही हाच प्रयोग केला. मग त्याने सांगितले की दोन्ही जॅक ठीक आहेत, तेल कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सरकत्या दांडीजवळून) निसटते आहे, आणि ते काम आमच्याकडे होत नाही. दोन जॅक उघडून चांगले बिल करण्याची संधी समोर असताना त्यांनी फक्त तपासणीचे पैसे घेतले.

सुरक्षेबाबतची त्यांची शिस्त प्रत्येक यंत्रमालकाने पाहण्यासारखी आहे. होज सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून सगळे लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून लाइनमधला दाब सोडला जातो. टिपरची ट्रॉली उचललेली असेल तर तिला आधाराचा दांडा लावल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ दिले जात नाही. आणि होजला बारीक छिद्र आहे का हे पाहण्यासाठी हात न वापरता पुठ्ठा फिरवला जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते, जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. ही गोष्ट आपल्या भागातल्या किती ऑपरेटरना माहीत आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

उणिवा आहेत, आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. तीन दिवसांचे काम सहा दिवसांवर गेले, कारण रॉडचा कडक दांडा त्या मापात लगेच मिळाला नाही. मात्र उशीर होणार हे मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मीच फोन केल्यावर कळले. पाटीवर खडूने लिहिलेली सगळी मापे दुसऱ्या दिवशी पुसली जातात. इतके काटेकोर मोजमाप करणाऱ्या वर्कशॉपने ती मापे कागदावर लिहून ग्राहकाला द्यायला हवीत, म्हणजे पुढच्या वेळी झीज किती झाली हे ताडून पाहता येईल. टेस्ट बेंचच्या टाकीतले तेल किती स्वच्छ आहे आणि त्याचा फिल्टर कधी बदलला, याचीही नोंद मला दिसली नाही, आणि नव्या सीलमधून पहिले तेल तेच फिरते. जॅक नेण्या-आणण्याची सोय नाही. टेम्पो आपला आपण करावा लागतो.

खर्चाचे म्हणाल तर नवा रॉड, होनिंग, ग्लँडचे बुश, पिना आणि मजुरी मिळून साडेसतरा हजार रुपये झाले. आधीच्या तीन किटांचा, वाहून गेलेल्या तेलाचा आणि बुडालेल्या तासांचा हिशेब केला तर तो आकडा याच्या दुपटीला पोचतो. ज्यांची यंत्रे २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उभी होती, त्यांनी तर आपले जॅक एकदा अशा ठिकाणी मोजून घ्यावेतच. पुराच्या गाळाने रॉडवर पडलेले गंजाचे बारीक डाग बाहेरून पुसले जातात, पण नखाला लागतात. जाताना जॅकसोबत त्याच्या दोन्ही पिनाही घेऊन जाव्यात.

जानेवारीत बसवलेल्या त्या जॅकने आजवर सहाशे तास काम केले आहे. रोज सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी मी ग्लँडच्या कडेवरून बोट फिरवतो. रॉडवर तेलाचा पुसट ओलावा असतो, आणि ग्लँडवरची धूळ कोरडी निघते.