काडतुसं घरी भरायची की तयार घ्यायची? टंचाईच्या काळातला हिशेब

अमेरिकेत रेंजवर जाणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न सारखा येतो. तयार काडतुसं महागली आहेत, मधूनच दुकानातले रॅक रिकामे होतात, तर प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) आणून घरीच भरायला लागू का? या प्रश्नामागे एक समजूत असते, की ज्याच्या घरी प्रेस आहे त्याला टंचाईची झळ लागत नाही. ही समजूत आधी बाजूला ठेवा. तयार डबा घेणारा एकाच रांगेत उभा असतो. रिलोडिंग करणारा, म्हणजे घरी काडतुसं भरणारा, प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी), पावडर आणि गोळी अशा तीन रांगांत उभा असतो, आणि तिन्हीकडे त्याचा नंबर शेवटचा असतो. असं असूनही काही नेमबाजांनी रिलोडिंग करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. ते कोणी, आणि कोणी त्या वाटेला जाऊ नये, यासाठी हा सगळा हिशेब.

पहिल्यांदा व्हिसाचं बघून घ्या, कारण इथे चूक झाली तर ती फार महागात पडते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याप्रमाणे बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. याला थोडे अपवाद आहेत. आपल्या लोकांना लागू पडणारा नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असणं. ‘मी तर नुसते प्रायमर घेतोय’ ही पळवाट चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच), प्रायमर, गोळी आणि पावडर हे सगळं ‘ॲम्युनिशन’मध्येच मोडतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, मात्र विकण्यासाठी भरायचं तर उत्पादकाचा परवाना हवा. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते आपापल्या राज्यात नीट तपासा.

माल का मिळत नाही

काडतुसात चार वस्तू असतात. पुंगळी परत वापरता येते. गोळी बऱ्याच कंपन्या बनवतात, अगदीच अडलं तर शिसं वितळवून घरी ओतणारेही आहेत. खरी अडचण प्रायमर आणि पावडरची.

अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. रेमिंग्टनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिचा आर्कान्सामधला लोनोकचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला. सीसीआय आणि फेडरल आधीपासून व्हिस्टाकडेच होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा सगळा काडतूस व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुपकडे गेला. म्हणजे चारपैकी तीन नावांचा मालक आज एकच आहे, आणि चौथं विंचेस्टर ऑलिन कंपनीचं. या सगळ्या कंपन्या स्वतः तयार काडतुसं विकतात. मागणी उसळली की प्रायमर आधी त्यांच्या स्वतःच्या भरणीला लागतो, आणि उरला तर सुटा डबा तुमच्या-माझ्यासाठी बाजारात येतो. २०२० मध्ये नेमकं हेच झालं. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात ८४ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. ते सगळे तयार काडतुसंच मागणार होते. हजार प्रायमरचा डबा आधी ३०–३५ डॉलरला मिळायचा. तो दुकानांतून गायब झाला आणि चढ्या भावाने पुन्हा विकणाऱ्यांकडे १०० डॉलरच्या वर गेला. आज तो दुकानात बहुधा ७०–८० डॉलरला मिळतो. जुना भाव परत येईल या आशेवर थांबू नका. प्रायमरमधलं स्फोटक इतकं नाजूक असतं की ते ओलं ठेवूनच हाताळावं लागतं. त्याची नवी लाइन उभारायला काही वर्षं लागतात, आणि मागणी ओसरली की ती पडून राहील या भीतीने कंपन्या लवकर हात घालत नाहीत.

पावडरची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला लवकर कळेल. जिनिंगमध्ये कापसाचा लांब धागा काढून घेतल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ते लिंटर. या लिंटरवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनतं, आणि त्यापासून धूरविरहित पावडर. तोफगोळ्यांच्या चार्जलाही हेच लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून १५५ मिमी तोफगोळ्यांची मागणी प्रचंड वाढली, युरोपला चीनहून येणाऱ्या लिंटरची चणचण भासू लागली, आणि २०२४ च्या सुरुवातीला व्हिस्टाने पावडरच्या जागतिक टंचाईचं कारण देऊन भाववाढ कळवली. सैन्याची मागणी एका बाजूला असताना शनिवारी सकाळी कागदी टार्गेटवर नेम धरणाऱ्याचा एक पाउंडाचा डबा कुणाच्या हिशेबात असणार? रायफलवाल्यांच्या आवडीच्या एच४३५० आणि व्हारगेट या पावडरी तर ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथून येतात. इथल्या दुकानात त्या कधी दिसतील हे जहाज कधी लागतं यावर ठरतं.

तयार काडतुसांची बाजूही निर्धोक नाही. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने मिळणं थांबलं, आणि लोखंडी पुंगळीचा स्वस्त माल हळूहळू बाजारातून गेला. पण तयार मालाचा पुरवठा आधी सावरतो आणि सुट्या मालाचा नंतर. २०२० नंतर हे स्पष्ट दिसलं.

९ मिमी: इथे घाई करू नका

खालचे भाव साधारण आहेत, दुकान आणि महिना बदलला की थोडे बदलतील.

तयार ९ मिमी, म्हणजे पिस्तुलाचं नेहमीचं काडतूस, आज एका काडतुसाला २२ ते २५ सेंटला मिळतं. घरी भरलं तर प्रायमर ७–८ सेंट, पावडर ३ सेंट, गोळी ९–१० सेंट. पुंगळी रेंजवरून उचललेली, म्हणून फुकट. बेरीज २० सेंटच्या आसपास. म्हणजे हजार काडतुसांमागे ३०–४० डॉलर वाचले. पिस्तुलाची काडतुसं एकेक करून भरण्यात अर्थ नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एका ओढीत सगळ्या टप्प्यांवर काम करणारा) हवा, आणि डाय (प्रेसमध्ये बसवायचे साचे), काटा, टंबलर (पुंगळ्या साफ करणारं यंत्र) धरून तो हजार डॉलरच्या घरात जातो. तेवढे वसूल व्हायला २५–३० हजार काडतुसं झाडावी लागतील. प्रायमर आणि पावडर टपालाने मागवलीत तर धोकादायक मालाचं शुल्क वेगळं, मग वाचलेलं त्यातच जातं.

‘पण टंचाईत उपयोग होईल ना?’ होतो. २०२१ मध्ये तयार ९ मिमी ७०–८० सेंटपर्यंत गेलं होतं, तेव्हा महागाचा प्रायमर वापरूनही घरचं काडतूस निम्म्याहून स्वस्त पडत होतं. फक्त प्रायमर हाताशी असायला हवा होता. ज्यांच्याकडे होता, त्यांनी तो आधीच्या स्वस्ताईत घेऊन ठेवलेला होता. तसाच ज्यांनी तयार डब्यांचा साठा केला होता, त्यांचंही काही अडलं नाही. तुलना करायची तर साठ्याची साठ्याशी करा. ५,००० काडतुसांचा कच्चा माल हजार डॉलरच्या आसपास, तयार माल साडेअकराशे–बाराशे. एवढ्या फरकासाठी ९ मिमीवाल्याने प्रेस घ्यावा असं मी म्हणणार नाही. महिन्याला दीड-दोनशे काडतुसं लागत असतील, तर भाव उतरलेले असताना वर्षभराचा तयार माल घ्या आणि कोरड्या जागी ठेवा. व्यवस्थित ठेवलेलं काडतूस कित्येक वर्षं टिकतं.

अपवाद स्पर्धेत उतरणाऱ्यांचा. यूएसपीएसए किंवा आयडीपीए या नेमबाजी संघटनांच्या सामन्यांसाठी जे आठवड्याला शेकड्यांनी काडतुसं झाडतात, त्यांचा प्रेस वसूल होतो आणि आपल्या हाताला मानवेल असा सौम्य लोडही (पावडर आणि गोळीचा ठरवलेला मेळ) भरता येतो. .४५ एसीपी (पिस्तुलाचं आणखी एक, मोठं काडतूस) वापरणाऱ्यांनाही तयार काडतुसाचा भाव जवळपास दुप्पट असल्याने परवडतं. त्यांनी एवढी काळजी घ्यावी: रेंजवरून उचललेल्या .४५ च्या पुंगळ्यांत काहींचा प्रायमरचा खळगा मोठा असतो, काहींचा लहान. न निवडता प्रेसमध्ये घातल्या, की मोठा प्रायमर लहान खळग्यात दाबला जातो आणि तो तिथेच फुटण्याची भीती असते. टेबलाजवळ दिवा लावून, बुड वर करून, एकेक पुंगळी बघून वेगळी करणं हे कामच आहे आणि त्याला वेळ लागतो.

लांब पल्ल्याची रायफल: इथे प्रेस घ्याच

६.५ क्रीडमूर या लांब पल्ल्याच्या कॅलिबरचं मॅच (स्पर्धेच्या) दर्जाचं तयार काडतूस पावणेदोन ते दोन डॉलरला पडतं. घरी गोळी ४५–५० सेंट. पाउंडात ७,००० ग्रेन (वजनाचं छोटं एकक) असतात आणि एका काडतुसाला चाळीस-एक ग्रेन लागते, त्यामुळे एका पाउंडात १७० च्या आसपास काडतुसं होतात. ५५ डॉलरचा डबा धरला तर पावडर ३२ सेंट. प्रायमर ८ सेंट. चांगली पुंगळी दहा वेळा वापरली तर तिचे १२ सेंट. एकूण एक डॉलर. (ही आकडेमोड खर्चापुरती आहे. भरायचं माप पावडर आणि गोळी बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या.) हजार काडतुसांमागे साडेसातशे ते हजार डॉलर वाचतात, आणि इथे साधा सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच टप्पा करणारा) पुरतो. सगळं सामान मिळून पाच-सहाशेत होतं, म्हणजे पहिल्या हजारातच वसूल.

माझ्या दृष्टीने पैशांपेक्षा मोठं कारण अचूकतेचं आहे. प्रत्येक बॅरलला एखादा ठरावीक वेग, गोळीची एखादी ठरावीक बैठक (ती पुंगळीत किती खोल बसवली ते) मानवते. पावडरचा दाणा दाणा काट्यावर मोजून भरलेल्या काडतुसांचा वेग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिला, की एका डब्यातल्या तयार काडतुसांपेक्षा तो किती एकसारखा आहे हे दिसतं. सहाशे-हजार यार्डांवर हा फरक टार्गेटवर उभ्या रेषेत दिसतो. शिवाय टंचाईत तुमचा नेहमीचा तयार लोड मिळाला नाही आणि दुसऱ्या कंपनीचा घेतला, तर रायफल पुन्हा झिरो करावी लागते (नेमाची जुळणी नव्याने करावी लागते), आणि तो लोड तुमच्या बॅरलला मानवेलच असं नाही.

रायफलवाल्याचा साठाही आवाक्यातला असतो. क्रीडमूरच्या बॅरलची अचूकता साधारण दोन-तीन हजार काडतुसांनंतर उतरू लागते, त्यामुळे हजार प्रायमर आणि सहा पाउंड पावडर ही बहुतेकांची वर्षाची गरज. मिळेल तेव्हा एकाच लॉटचा (एकाच खेपेत बनलेल्या पावडरचा) आठ पाउंडी डबा घ्या. लॉट बदलला की वेग बदलतो आणि लोड पुन्हा बसवावा लागतो.

टंचाईतला सगळ्यात मोठा धोका

नेहमीची पावडर मिळत नाही म्हणून ‘जवळपास तशीच’ दुसरी वापरणं. एच४३५० आणि आयएमआर ४३५० ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. दोन्हींत आकडा एकच, पण पावडरी वेगळ्या आणि त्यांची मापंही वेगळी. एकीचं माप दुसरीला लावणं म्हणजे चेंबरमधल्या दाबाशी जुगार. प्रायमरची कंपनी बदलली तरी कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची. पिस्तुलाच्या पुंगळीत तर पावडर इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी ती मावते आणि वरून लक्षातही येत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. ज्याला अशी शांत एक-दोन तासांची बैठक मिळत नाही, त्याने हिशेब कितीही फायद्याचा दिसला तरी तयार काडतुसंच घ्यावीत.

घराचंही बघा. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा नियमावलीत राहत्या घरात २० पाउंड धूरविरहित पावडर, तीही मूळ डब्यांतच, आणि १०,००० प्रायमर अशी मर्यादा आहे. शहराचे नियम आणखी कडक असू शकतात, आणि अपार्टमेंटच्या करारात मुळातच मनाई असू शकते. टंबलरच्या धुळीत शिसं असतं. घरात रांगतं मूल असेल तर हे काम गराजमध्येच करा, पुंगळ्या पाण्यात धुणारा टंबलर घ्या आणि काम झाल्यावर हात धुऊन कपडे बदला.

ज्याला फक्त नेम पक्का करायचा आहे

त्याने या दोन्ही वाटा सोडून .२२ रिमफायर किंवा १० मीटर एअर रायफलकडे बघावं. .२२ मध्ये प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच असतं, त्यामुळे ती पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र २०१३ नंतरच्या टंचाईत .२२ चीच सगळ्यात वाईट अवस्था झाली होती आणि तिला सावरायला काही वर्षं लागली, म्हणून ती स्वस्त असताना दोन-तीन ब्रिक (काडतुसांचे मोठे गठ्ठे) घेऊन ठेवा. एअर रायफलला प्रायमरही लागत नाही आणि पावडरही. लागतात ते ४.५ मिमीचे छर्रे. पाचशेची डबी येते, आणि तळघरात दहा मीटर जागा असेल तर रोज सराव होतो.

या दोन प्रकारांना कमी लेखू नका. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य जिंकलं ते .२२ च्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. श्वास, ट्रिगर आणि गोळी सुटल्यानंतरही नजर धरून ठेवणं, हे सगळं तिथेच बसतं. घरात सेंटरफायर (क्रीडमूरसारखी, वेगळा प्रायमर लागणारी) रायफल असलेल्यांनीही आठवड्याचा सराव एअर रायफलवर करावा आणि क्रीडमूरची काडतुसं लांबच्या रेंजसाठी राखावीत. हजार प्रायमर मग वर्षाऐवजी दोन वर्षं पुरतात.

रिलोडिंग करायचंच असं ठरलं, तर खरेदी प्रेसपासून सुरू करू नका. आधी मॅन्युअल घ्या आणि आपल्या कॅलिबरसाठी चालणाऱ्या तीन-चार पावडरींची यादी काढा. मग प्रायमर आणि त्यातली एखादी पावडर प्रत्यक्ष हातात आली, की प्रेसची ऑर्डर द्या. प्रेस कधीही मिळतो.