कोलॅबच्या ॲपवर व्हिडिओ अप्रूव्ह करून घेणं : बेळगावातून वापरल्यानंतरचा अनुभव

कोलॅब म्हणजे ब्रँडकडून पैसे घेऊन त्यांच्या वस्तूचा व्हिडिओ आपल्या पेजवर टाकायचा. पैसे खरंच मिळतात का, सगळे आधी तेच विचारतात म्हणून आधी तेच सांगते, मिळतात. उशिरा मिळतात, पण माझे तरी बुडाले नाहीत. आता मुद्द्याचं, म्हणजे अप्रूव्हल, ब्रँडकडून व्हिडिओ पास होणं.

माझं पेज खाण्यापिण्याचं आणि किचनमधल्या वस्तूंचं आहे, मराठीत, बघणारे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडं चंदगड-गडहिंग्लजपर्यंतचे. फार मोठं नाही पण कमेंट खऱ्या येतात. पावसाळ्याच्या आधीपासून एका कोलॅब प्लॅटफॉर्मवर आहे (नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांचं गाडं थोड्याफार फरकानं तसंच चालतं). ब्रँड ब्रीफ टाकतो (काय दाखवायचं, काय बोलायचं त्याचे मुद्दे), तुम्ही स्क्रिप्ट टाकायची, ती पास झाली की शूट, मग पहिला कट (एडिट केलेला व्हिडिओ) अपलोड, त्यावर कमेंट, बदल, फायनल, मग पोस्ट, मग लिंक आणि काही दिवसांनी इनसाइट्सचे, म्हणजे किती जणांनी बघितलं त्या आकड्यांचे स्क्रीनशॉट, आणि मग कुठं बिल. ऐकायला सरळ वाटतं.

आधी हे सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. ब्रँडचं काम बघणाऱ्या जाहिरात एजन्सीतली कोणतरी पोरगी "ओके मॅम, लाइव्ह करा" म्हणायची, आपण टाकायचं, आणि तिनं नोकरी सोडली की तिच्या जागी आलेला म्हणायचा हे कुणी पास केलं? ॲपवर तेवढं बरं आहे, कुणी किती वाजता ओके दाबलं ते राहतं. एका ब्रँडनं पोस्ट लाइव्ह झाल्यावर नंतर बदल मागितले तेव्हा मी नुसता तो लॉग पाठवला आणि विषय संपला. या एका गोष्टीसाठी मी ॲपला पैकीच्या पैकी मार्क देईन.

पण अप्रूव्हल म्हणजे एक माणूस बघतो असं समजू नका. एजन्सीचा एक्झिक्युटिव्ह ब्रीफमधले मुद्दे आले का बघतो, ब्रँडचा मार्केटिंगवाला पाकीट किती सेकंद दिसलं ते बघतो, आणि लीगलवाले कशावरून केस होईल ते बघतात. तिघं एकाच वेळी कधीच बघत नाहीत. आणि लीगल बघतं सगळ्यात शेवटी, म्हणजे तुमचं शूट होऊन, भांडी घासून, एडिट करून झाल्यावर. सगळा घोळ इथंच आहे.

उदाहरण सांगते. एका मसाल्याचं काम होतं, बेळगावातल्याच शहापूरला मामींच्या किचनमध्ये शूट केलं कारण तिथं सकाळचा उजेड चांगला येतो. स्क्रिप्टमध्ये "इम्युनिटी वाढते" हे वाक्य मार्केटिंगवाल्यानंच घालायला लावलेलं, मी नको म्हणत होते तरी. स्क्रिप्ट पास. शूट झालं. फायनल कटवर लीगलची कमेंट, हे वाक्य काढा. आता लीगलचं बरोबरच आहे, एफएसएसएआयचे (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, पुराव्याशिवाय असलं काही बोलता येत नाही, पण मग स्क्रिप्टच्या वेळी हे लोक कुठं होते? त्याच व्हिडिओवर बाकीच्या कमेंट अशा होत्या : चौदाव्या सेकंदाला मागच्या भिंतीवर कॅलेंडरचं नाव दिसतंय, ब्लर करा. बाविसाव्याला तेलाचा डबा दुसऱ्या कंपनीचा आहे. एकतिसाव्याला तुम्ही दोन चमचे घातले, पाकिटावर एक लिहिलंय. ही शेवटची मामींना वाचून दाखवली तर म्हणाल्या, "एका चमच्यात काय होतंय गं, वास तरी यायला नको?" मी तेवढा शॉट परत घेतला, एक चमचा घातला, आणि कॅमेरा बंद झाल्यावर मामींनी दुसरा घातला.

या सेकंदावर बोट ठेवून कमेंट करायच्या सोयीला मात्र नावं ठेवणार नाही. पूर्वी "थोडं आणि लाइव्हली करा" असलं काहीतरी यायचं, त्याचं काय करायचं माणसानं? आता नेमकं कुठं काय ते कळतं.

आपल्या भागाची एक वेगळीच कटकट आहे जी पुण्या-मुंबईच्या क्रिएटरना माहीतच नाही. खडे बाजारात एका घरगुती वस्तूचा व्हिडिओ केला, मी मराठीत बोलतेय, मागं दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, आपल्याला त्यात काय विशेष, रोजचंच आहे की. पण २०२४ पासून कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा आलाय, त्यावरून बातम्या झाल्या, आणि बेंगळुरूच्या टीमनं तो व्हिडिओ बघून सरळ "सेन्सिटिव्ह" मार्क केला, कमेंटमध्ये भांडणं लागतील म्हणून. दुकानाच्या आत जाऊन परत शूट करा म्हणाले. केलं. त्यानंतर मी बाहेरचा शॉट असला की स्क्रिप्टसोबत त्या जागेचे दोन फोटोच टाकते, कुणाला भीती वाटायची असेल तर तेव्हाच वाटून घ्या.

लेबलबद्दल नवीन लोकांनी नीट वाचा. एएससीआयचे (जाहिरात क्षेत्रानं स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेल्या संस्थेचे) नियम २०२१ च्या १४ जूनपासून आहेत : पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर जाहिरातीचं लेबल निदान तीन सेकंद, त्याच्या वर दोन मिनिटांपर्यंत असेल तर एक तृतीयांश वेळ, आणि दोन मिनिटांच्या पुढं तर जितका भाग त्या वस्तूचा आहे तितका सगळा वेळ. माझी रील पाऊण मिनिटाची, म्हणजे पंधरा सेकंद. ब्रँडचा माणूस म्हणतो तीन पुरे मॅडम, लुक खराब होतो. आणि कॅप्शनमध्ये जाहिरातीचं ते लेबल हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात सगळ्यात खाली टाका म्हणून वेगळा मेसेज. ॲपचा ऑटो-चेक इथं कामाला आला, त्यानंच लाल खूण दाखवली, लेबल वरच्या दोन ओळींत नाही म्हणून. मला वाद घालावा लागला नाही. खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात निघाली तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात दंड दहा लाखांपर्यंत आहे, परत केलं तर पन्नास, आणि तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावरसुद्धा पडतो. चेहरा माझा आहे, ब्रँड मॅनेजरचा नाही.

वेळेचं सांगते. ब्रीफमध्ये लिहिलेलं असतं "रिव्ह्यू ४८ तासांत". ते ४८ तास एका माणसाचे असतात. तीन माणसं धरली, मध्ये शनिवार-रविवार धरला, कुणाची रजा धरली की आठवडा कुठं गेला कळत नाही. एका ब्रँडचा गणपतीचा व्हिडिओ, मोदकाचं सारण वगैरे, चतुर्थीच्या आधी टाकायचा ठरलेला, ओके आला ते आमच्या गल्लीतलं विसर्जन झाल्यावर. आणि वर विचारतात, मॅम रीच कमी का आला?

रिव्हिजनची, म्हणजे किती वेळा बदल मागायचे त्याची संख्या ब्रीफमध्ये लिहिलेली असते, बहुतेक दोन. पण ॲप त्यावर थांबवत नाही, ते "रिक्वेस्ट चेंजेस" दाबत राहतात. मला हे सगळ्यात खटकतं. बटण बंद व्हायला पाहिजे किंवा तिसऱ्यापासून पैसे लागायला पाहिजेत. मी सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं "फीडबॅक टीमकडे पाठवलाय". बघू काय की.

अजून एक, फायनल ओके देताना त्याच स्क्रीनवर खाली एक छोटी टिक असते, तुमचा व्हिडिओ ब्रँड स्वतःच्या जाहिरातीत किती दिवस वापरणार त्याची. घाईत सगळे दाबून मोकळे होतात. महिनाभर आणि "कायमस्वरूपी" यात पैशाचा मोठा फरक पडायला पाहिजे, तेव्हा थांबून वाचा. वस्तू फुकट मिळतेय म्हणून खूश होणाऱ्यांसाठी सुद्धा : एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० च्या वर माल ठेवून घेतला तर १० टक्के टीडीएसचा (आधीच कापायच्या इन्कम टॅक्सचा) नियम २०२२ च्या जुलैपासून आहे. परत पाठवला तर नाही. माझ्याकडचा ओव्हन मी परत पाठवला, ठेवायला जागा पण नव्हती म्हणा.

तर असलं ॲप घ्यावं का? एजन्सीच्या व्हॉट्सॲपवर काम करणाऱ्यांनी घ्यावं, त्या लॉगसाठी तरी. पण स्क्रिप्टच्या टप्प्यावरच कमेंटमध्ये लिहा, "लीगलनं बघितलंय का, त्यांच्या नावानं ओके द्या, मगच शूट". अर्धे ब्रँड चिडतात, एकानं कामच काढून घेतलं. बाकीच्यांनी मात्र लीगलचं ओके दिलं, आणि त्या कामांत मला एकही रीशूट पडलं नाही. मी पुढच्या वर्षाचं रिन्यू केलंय. दिवाळीचं काम धरायचं असेल तर स्क्रिप्ट गणपतीच्या आधी टाका, दसऱ्यानंतर तिकडं कोण फोन उचलत नाही.